नावाड्याला लिहिलेलं पत्र

"आयांनो, पेन तुम्ही धरू नका. मला कळतं."

पालकसभेत हुक्केरी बाई असं म्हणाल्या तेव्हा मी पहिल्याच बाकावर होते. चौथीच्या मुलांची ती बुटकी बाकं, त्यांत गुडघे दुमडून कशाबशा मावलेल्या आम्ही पंचवीसेक आया, आणि समोर इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई. हातात कोऱ्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा.

"कच्चं मुलांनी वर्गात लिहिलंय, माझ्यासमोर. आता पक्कं घरी लिहायचं, ह्या कागदावर. चुकलं तर चुकू दे."

"बाई, काना-मात्रा तरी?" मागून कुणीतरी विचारलं.

"काना नाही आणि मात्रा पण नाही. तुमची चौथी झाली एकदा."

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. मनात म्हटलं, हिला काय कळणार? मराठी घेऊन बी.ए. केलेली मी. कॉलेजच्या भित्तिपत्रकाची दोन वर्षं संपादक. एम.ए.चा फॉर्म भरला त्याच महिन्यात लग्न ठरलं, नाहीतर आज मी कुठं असते, हे मी येताजाता सगळ्यांना ऐकवत असे. त्या वर्षी मी बत्तीस वर्षांची होते. आता सतरा वर्षं झाली त्याला.

स्पर्धा आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची होती. दर वर्षी चौथीच्या वर्गांना ते एक पुस्तक द्यायचे. मधल्या सुट्टीआधी रोज अर्धा तास बाईंनी ते मोठ्यानं वाचायचं, आणि संपलं की मुलांनी त्यातल्या कुणालातरी पत्र लिहायचं. त्या वर्षीचं पुस्तक एका नावाड्याचं होतं. नदीवर पूल होतो आणि त्याची नाव काठाला पडून राहते, एवढीच गोष्ट. पहिलं येणाऱ्या मुलाला कोल्हापूरला जिल्ह्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावर उभं राहून आपलं पत्र सांगायला मिळणार होतं.

माझी शाल्मली त्या व्यासपीठावर मला लखलखीत दिसत होती. कुठला फ्रॉक घालायचा तेसुद्धा ठरलं होतं.

मी तिच्या सतत मागे-मागे असे. डब्यातली पोळी किती उरली, पेन्सिलीला टोक आहे का, कुणी ढकललं का, बाकावर शेजारी कोण बसतं, सगळं मला माहीत असायचं. शेजारी बसायची ती बोंगाळ्यांची वृषाली. तिची आई रत्ना माझे ब्लाउज शिवायची. अबोल, सारखी नखं कुरतडणारी पोरगी. निरुपद्रवी, म्हणून मी बाक बदलून मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारी शाल्मली पक्कं लिहायला बसली. मी शेजारी शेंगा सोलत होते. तिचं कच्चं वाचलं. "प्रिय नावाडीकाका, तुमची नाव छान आहे. पूल झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आम्ही पुलावरून गाडीतून जाताना मी तुम्हाला हात करीन. तुम्ही पण करा."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच वाटलं."

"अगं, पण नदीबद्दल काही नाही. नावेबद्दल नाही. थांब, मी सांगते तसं मधे घाल."

"बाई नको म्हणाल्यात."

"बाई म्हणाल्या पेन धरू नका. मी धरलंय का पेन? माझ्या हातात शेंगा आहेत. लिही. 'पूल दोन काठांना जोडतो, पण माणसांना जोडायला नावच लागते.' लिहिलंस? पुढं. 'वल्ह्याच्या फटक्याला नदी जे बोलायची, ते आता कोण ऐकणार? काका, तुमची नाव काठाला नाही, काळाला बांधली आहे.'"

"काळाला बांधली म्हणजे?"

"म्हणजे... लिही तू."

तिनं लिहिलं. जीभ दातांत धरून, सुंदर अक्षरात. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदा मला माझाच अभिमान वाटला.

बक्षीस समारंभ पुढच्या शनिवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात होता. पन्नास-साठ पालक, पुढे सतरंजीवर मुलं. अध्यक्ष पाटणे वकील, गावातलं वजनदार पण मवाळ माणूस. त्यांनी बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं.

बाई उठल्या. "माझ्या वर्गात एकतीस मुलं. पत्रं मी तीस पाठवली," त्या म्हणाल्या. "एक ठेवून घेतलं. कच्च्याच्या झेरॉक्स मी काढून ठेवते, हे कुणाला माहीत नसतं. त्या पत्रात कच्च्यात नसलेली तीन वाक्यं पक्क्यात आली. 'तुमची नाव काठाला नाही, काळाला बांधली आहे.' फार भारी वाक्य आहे. मलाही सुचलं नसतं. पण त्या मुलीनं आधी लिहिलं होतं की ती पुलावरून काकांना हात करणार आहे. ते त्या भारी वाक्यांच्या खाली दबून गेलं हो. मला त्याचं वाईट वाटलं."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. सतरंजीवर शाल्मली ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि सभागृहातली प्रत्येक मान आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे वळली.

पहिलं बक्षीस वृषाली बोंगाळेला होतं. पाटणे वकिलांनी पत्र वाचलं. मला ते अजून तोंडपाठ आहे.

"काका, तुमची नाव आता काय करणार? आमच्या आईचं जुनं मशीन बिघडलं तर आम्ही ते भंगारात दिलं नाही, त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. तुम्ही नावेत कोंबड्या पाळा. पण वल्हं कुणाला देऊ नका. आईनं मशीन बंद केलं तरी तिचा पाय जेवताना खाली हलत असतो. तुमचे पण हात हलत असतील. काकींना सांगा, हसू नका म्हणून."

कोंबड्यांपाशी लोक हसले. पुढे कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं पदरानं डोळा टिपला. त्यात एकही सुंदर वाक्य नव्हतं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मला तिथंच, त्या खुर्चीवर, कळलं होतं. कळलं म्हणूनच आग जास्त झाली.

बाहेर चपला शोधताना कुणीतरी म्हणालं, "काय शाल्मलीच्या आई, काळाला बांधली म्हणजे नेमकी कुठं हो बांधली?" आणि तीन-चार जणी तोंडाला पदर लावून पुढे गेल्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चुकलंच होतं ना आपलं? सोड आता." मी भाजीची कढई अशी आपटली की शेजारच्या काकू डोकावल्या.

मी सोडणार नव्हते. माझी चूक झाली होती, कबूल. पण पोरीला चारचौघांत रडवायचा हक्क त्या बाईला कुणी दिला? बोलावून सांगायचं होतं. मला एकटीला सांगायचं होतं. त्या बाईला मी त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांसमोर खाली मान घालायला लावणार होते. कसं, ते अजून ठरलं नव्हतं.

ते तीन दिवसांत आपणहून चालत आलं.

मंगळवारी मी नवा खण घेऊन रत्नाकडे गेले. तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक चालू मशीन, एक कुंडीवालं मशीन. कुंडी बघितली आणि माझ्या अंगावर काटाच आला, पण रागाचा. रत्ना खुशीत होती. टेप गळ्यात टाकून माझं माप घ्यायला लागली.

"वहिनी, वृषालीचं कळलं न्हवं? पयला नंबर!"

"कळलं की. मी होते ना तिथं."

"व्हय की, मी खुशीत विसरलेच. मला तर वकीलसाहेब वाचाय लागल्यावर घामच फुटला. म्हटलं, ही भवानी आमच्या जेवणाचं बी सांगून बसली." ती हसली. "हात वर करा. बाही केवढी ठेवू?"

"कोपरापर्यंत. अगं, पण अक्षर काय सुंदर आहे तिचं. मी लांबून बघितला कागद."

खरंतर लांबून मला काही दिसलं नव्हतं. शाल्मली एकदा सहज म्हणाली होती की वृषालीला लिहायला येत नाही. मला वाटलं, हळू लिहीत असेल. तो धागा मी उगाच ओढून बघितला.

"अक्षर कुठलं तिचं!" रत्ना म्हणाली. "तिला लिवायला जमतच न्हाई वहिनी. अक्षरं डोळ्यापुढं नाचत्यात म्हणती. डाक्टरला दाखवलं, चष्मा न्हाई लागत म्हणाले. बोलायला सांगा, तासभर बोलंल. कागद पुढं ठेवला की मुकी. दोन वर्षं चौथीतच हाय बघा."

"मग पत्र?"

"बाईंनीच लिवून घेतलं की. देवमाणूस हो. ही सांगायची आणि बाई लिवायच्या."

टेप माझ्या दंडाभोवती होता. मी श्वास रोखून धरलाय, हे तिला कळलं असणार, ती म्हणाली, "सैल सोडा वहिनी, घट्ट बसंल."

"आणि बक्षीस मिळालं," मी म्हटलं.

"त्येनं लई काम झालं बघा. ह्यांचं म्हणणं हुतं, आता पुरं शाळा, काज-बटण शिकू दे, मला हाताखाली येईल. मी म्हणत हुते न्हाई, शिकू दे. आता कोल्हापूरला जायाचं म्हटल्यावर हे गप झाल्यात. परवा स्वतः जाऊन तिला बूट आणलं." तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "कुणाला सांगू नका बाईंचं. तुम्ही घरच्या म्हणून बोलले."

"छे, मी कशाला सांगते," मी म्हटलं.

घरी येऊन मी आधी हात धुतले आणि मग अर्ज लिहायला बसले. स्पर्धेचा छापील कागद शाल्मलीच्या दप्तरात होताच. नियम क्रमांक तीन : पत्र विद्यार्थ्याच्या स्वहस्ताक्षरात असावे. अर्ज इतका सुरेख झाला की काय सांगू. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. "ज्या शिक्षिका इतरांच्या प्रामाणिकपणाचा जाहीर पंचनामा करतात, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र विद्यार्थिनीच्या नावावर खपवावे, ही बाब अत्यंत खेदजनक आहे." खाली सही : सौ. मुग्धा इंचनाळकर, बी.ए. एक प्रत वाचनालयाला, एक शाळेच्या संस्थेला.

वृषालीचे नवे बूट मला आठवले नाहीत असं नाही. पाकीट चिकटवताना आठवले. मी म्हटलं, मी कुठं वृषालीविरुद्ध काय लिहिलंय?

शनिवारी दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या वाचन कक्षात सगळ्यांना बोलावलं. पाटणे वकील आणि समितीचे दोघे जण लांब टेबलापलीकडे. अलीकडे हुक्केरी बाई, रत्ना, आणि नवे बूट घातलेली वृषाली. मी शाल्मलीला मुद्दाम घेऊन गेले होते. म्हटलं, पोरीनं बघू दे, आपल्या आईनं कसं परतवलं ते.

पाटणे वकिलांनी अर्ज वाचला. मग वृषालीपुढे कागद सरकवला. "बाळ, घाबरू नको. एवढंच लिही बरं. 'प्रिय नावाडीकाका.'"

तिनं पेन घेतलं. मुठीत धरल्यासारखं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं, म्हणून सांगते, चार मिनिटं. पंखा गरगरत होता आणि तिची नजर कागदावरून सारखी निसटत होती. 'प्रि' झालं, मग खोडलं, मग 'न' आणि त्याच्या वर कसलीतरी रेघ. जोर इतका की कागद फाटला. रत्ना पुढे झाली तशी बाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे बाळ," वकील म्हणाले. "हुक्केरी बाई, हे पत्र कुणी लिहिलं?"

"मी. लपवलेलं नाही. कागदाच्या मागं लिहिलंय, तुम्ही उलटून बघितलं नाहीत."

त्यांनी पत्र उलटलं. मागे बारीक अक्षरात होतं : सांगणार वृषाली, लिहून घेणार मी. खाली सही आणि तारीख.

"पण नियम..."

"नियम मोडला माझ्याकडून. बक्षीस काढून घ्या, मला नोटीस द्या. पण पत्र तिचं आहे, एवढं तिच्यासमोर म्हणा." बाईंनी तिच्यापुढचा फाटका कागद बाजूला सरकवला. "तिला सांगू द्या. तोंडानं. पाच मिनिटं फक्त."

मी वाट बघत होते की आता ही म्हणेल, ह्या अर्जदार बाई कोण, ते मला माहीत आहे. हिच्याच पोरीचं पत्र मी ठेवून घेतलं. त्यावर मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिनं ते काढलंच नाही. ते मला जास्तच झोंबलं.

"हरकत नाही," पाटणे वकील मवाळपणे म्हणाले. ऐकायला ते पुढे वाकले. "सांग गं बाळ. काकांना काय सांगायचं होतं तुला?"

वृषालीनं एकदा बाईंकडे बघितलं. मग टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवले. चेहरा बदललाच तिचा. कागद दूर झाला तशी ती वेगळीच मुलगी दिसायला लागली. "काका," तिनं सुरुवात केली, "नाव काठाला असली तरी..."

हे पत्रात नव्हतं. पहिलं वाक्यच वेगळं होतं. ती नवीन सांगत होती. हे कळायला मला अर्धा क्षणसुद्धा लागला नाही, आणि हेही कळलं की हिला बोलू दिलं तर पाच मिनिटांत सगळं उलटेल.

"पाठ करून घेतलं असेल, साहेब," मी म्हटलं. "आठ दिवस होते की हातात. पोपटालाही येतं."

समितीतला एक जण फिसकन हसला.

वृषालीचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं, आणि मग मिटलं.

"वृषाली, सांग," बाई म्हणाल्या. "पुढं सांग बाळा. कुणाकडं बघू नकोस."

तिनं मान हलवली.

"बरं, दुसरं काहीही सांग. तुझ्या बुटांचं सांग."

पुन्हा मान. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. नुसतं बंद, दुकानाचं शटर ओढल्यासारखं. वकिलांनी दोनदा गोंजारून विचारलं. रत्नानं पाठीवर हात फिरवला, मग एक चापट मारली, मग स्वतःच रडायला लागली. "बोल की गं! एरवी तोंड मिटत न्हाई तुझं!"

बाई माझ्याकडे वळल्या. "शाल्मलीच्या आई, तुमचा राग माझ्यावर आहे ना? मग मला बोलायचं होतं."

"तुम्ही कुठं मला बोललात?" मी म्हटलं. "तुम्ही माझ्या पोरीला रडवलंत."

बाईंनी मान खाली घातली. तेच सभागृह नसलं, तरी तेच वाचनालय होतं, आणि ज्यासाठी मी आठ दिवस झोपले नव्हते ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पोटात गार पाणी उतरावं तसं बरं वाटलं.

पाटणे वकिलांनी बक्षीस रद्द झाल्याचं लिहून घेतलं. निघताना दारात रत्ना भेटली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "घरच्या म्हणून बोलले हुते वहिनी."

रस्त्यात शाल्मली माझा हात धरत नव्हती. बाजारपेठ ओलांडली तरी नाही. शेवटी मीच म्हटलं, "बघितलंस? खोटं असं उघडं पडतं."

"आई, तू पाठ का म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"ते पाठ नव्हतं. मी होते तिथं."

"कुठं?"

"जिन्याखाली. मधल्या सुट्टीत. वृषाली सांगत होती तेव्हा." ती रस्त्याकडे बघून बोलत होती. "तिचं रोजचं मीच लिहिते. गृहपाठ, निबंध, सगळं. ती सांगते आणि मी लिहिते, बाईंनीच सांगितलंय. पत्र पण मीच लिहायला घेतलं होतं."

माझी पावलं थांबली. "तू?"

"हो. मग बाईंनी बघितलं आणि माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाल्या, तू तिचे शब्द मधेमधे चांगले करतेस शाल्मली. दे इकडे. तिनं कोंबड्या म्हटलं तर कोंबड्याच लिहायचं. मी पक्षी लिहिलं होतं." तिनं नाक पुसलं. "बाई खूप हळू लिहीत होत्या. सारखं विचारत होत्या, असंच म्हणालीस ना? असंच ना?"

पाटणे वकिलांचं घर तिथून शंभर पावलांवर होतं. फाटकाला दिवसा कुलूप नसायचं. मी आत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की साहेब, सोमवारी त्या पोरीला पुन्हा बोलवा, आणि मला बोलवू नका.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी हुक्केरी बाईंची खाली घातलेली मान डोळ्यांसमोर आली. मी गेले असते तर ती पुन्हा वर झाली असती.

जूनमध्ये संस्थेनं बाईंना डोंगरातल्या शाखेवर टाकलं, रोज दोन एसट्या बदलून जायच्या. वृषाली परीक्षेला बसलीच नाही. शाल्मली सांगायची, ती वर्गात काहीच सांगत नाही आता, मी पेन घेऊन बसते तरी. मग ती यायचीच बंद झाली. माझा ब्लाउज रत्नानं कुणाच्यातरी हाती पाठवून दिला. अगदी मापात, जराही घट्ट नाही. दिवाळीआधी दुकान बंद करून ती सगळी इचलकरंजीला गेली.

शाल्मली आता पुण्यात असते. आमचं चांगलं आहे. रोज फोन होतो. पण त्या दिवसापासून तिनं लिहिलेला एकही कागद मला दाखवलेला नाही. बारावीत असताना एकदा मी सहज तिच्या वहीवर वाकले, तर तिनं दोन्ही पंजे पसरून पान झाकलं. रागानं नाही. सवयीनं, दिव्यावर आडोसा धरावा तसं.

हुक्केरी बाईंना मी अजून माफ केलेलं नाही. माझ्या पोरीचं ते हुंदके देणं मला आजही ऐकू येतं, आणि त्यांनी ते टाळायला हवं होतं, हे मी शेवटपर्यंत म्हणेन. त्यांचा आणि माझा हिशेब त्या दुपारी फिटला. वृषाली त्या हिशेबात कुठंच नव्हती. मीच तिला ओढून आणलं होतं, कारण ती हाताशी होती.

गेल्या वर्षी आमच्या गावची एक बाई लग्नाच्या बस्त्याला इचलकरंजीला गेली होती. तिनं सांगितलं, वृषाली दिसली. शहापूरच्या बाजूला एका शेडमध्ये काज-बटणाला बसते. लग्न झालेलं नाही. हाक मारली तर ओळखलं, हसली, चहासुद्धा मागवला. "पण बोलली न्हाई हो फारसं," ती म्हणाली. "विचारंल तेवढ्याला मान हलवती."

मी दोनदा एसटीत बसले. एकदा तर त्या शेडच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आतून मशिनांची घरघर ऐकली आणि परत फिरले. माझं तोंड बघून ती आहे तेवढीही मिटेल, अशी भीती वाटली. भीती होती की लाज, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहात असाल, कधी कामानं जाणं झालं, तर एकदा तिच्याकडे जाऊन या. वृषाली बोंगाळे, वय सत्तावीस-अठ्ठावीस. माझं नाव काढू नका. एखादं शिवणकाम न्या सोबत, आणि ती दोरा ओवेपर्यंत शेजारी बसा. काही विचारू नका, घाई करू नका. ती बरी आहे का, आणि आपणहून काही बोलते का, एवढं बघून या.